आईचं सरतं, बाळाचं यायचं असतं

मुलगी सहा आठवड्यांची झाली आणि आम्ही तिला पेंटाचा पहिला डोस द्यायला घेऊन गेलो. मी आधीच घाबरलेली, तिला मांडीवर घट्ट धरून बसलेली, तर सिस्टरने ती छोटीशी बाटली माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, हे आधी बघून घ्या. लेबलवर एक जांभळट गोल होता आणि त्या गोलाच्या आत एक फिकट चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका दिसतोय ना, म्हणजे लस चांगली आहे, बाटली गरमीत राहिली की तो चौकोन हळूहळू काळवंडत जातो आणि गोलाइतका गडद झाला की ती बाटली आम्ही वापरतच नाही. आणि गार जास्त झालं तर, मी विचारलं. ती म्हणाली गोठली तरी बाद, गोठून वितळलेली लस हलवून ठेवली की कण लवकर तळाशी बसतात, त्यावरून कळतं. किती शांतपणे सांगत होती, आणि मागे रांगेत दहा बाळं रडत होती.

मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरला, सुई गेली, अर्धा मिलिलिटर औषध, एवढंच. मुलगी आधी गप्पच झाली. तोंड पूर्ण उघडं, चेहरा लाल, आवाज नाही. दोनेक सेकंद असे गेले असतील आणि मग जो आवाज आला तो अख्ख्या जिन्यात ऐकू गेला असेल.

रात्री तिला थोडा ताप आला, ते सांगितलेलंच होतं, पहिले एक-दोन दिवस येतो म्हणून. ती अंगावर पीत पीत झोपली आणि मी जागी. शेजारी लसीचं कार्ड पडलं होतं ते वाचत बसले. पेंटा म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी, ही चार नावं लहानपणापासून कानावर आहेत, पाचवं मला माहीतच नव्हतं, हिब. सहज म्हणून मोबाइलवर पूर्ण नाव शोधलं. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी. वाचलं आणि मी उठून बसले, कारण हे नाव मी आधी पाहिलेलं होतं, टाइप केलेलं, पिवळ्या पडलेल्या कागदावर, मामीच्या कपाटातल्या फाईलमध्ये.

माझा मामेभाऊ, आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो, आठ महिन्यांचा असताना आजारी पडला. साल १९८७. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ही गोष्ट घरात इतक्या वेळा आणि इतक्या हळू आवाजात सांगितली गेलीय की मला ती पाहिल्यासारखी वाटते. सकाळी किरकिर करत होता, दूध घेईना. दुपारी ताप चढला, उलटी झाली. संध्याकाळपर्यंत तो रडायचा पण बंद झाला, नुसता पेंगत होता, आणि उचलून घेतलं की एकदम चिरका ओरडायचा, असा की मामी म्हणते तो माझ्या बाळाचा आवाजच नव्हता. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर टाळू वर आलेली होती. एरवी मऊ असते, किंचित खाली असते, बोटाखाली लपलप करते, ती फुगून ताठ झालेली. मामीला आजही तो स्पर्श बोटांना आठवतो. रात्री हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत एक झटका येऊन गेला होता. पाठीतलं पाणी काढलं तर ते गढूळ निघालं. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, आणि तीही जंतूने आलेली. त्यानंतर कितीतरी दिवस सलाइन, दिवसातून चार चार वेळा इंजेक्शनं, शीर सापडेना म्हणून डोक्यावरचे केस काढून तिथल्या शिरेत सुई. आणि तो वाचला. घरी आला. सगळ्यांना वाटलं संकट टळलं.

पुढचं कळायला महिना गेला. आजारपणाआधी दादा बा-बा, दा-दा असलं काय काय बडबडायचा, ते येऊन थांबलं. सगळे म्हणाले अशक्त झालाय, होईल हळूहळू. मग एकदा तो जमिनीवर बसून चमच्याशी खेळत होता आणि मामीच्या हातून त्याच्या मागे स्टीलचं मोठं ताट पडलं. ताट पडल्यावर कसं गोल गोल फिरत वाजत राहतं, तसं ते वाजत राहिलं. आजी स्वयंपाकघरातून धावत आली. मामा बाहेरून आत आला. दादा चमच्याशी खेळत होता. मामी म्हणते ताट थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते आणि ताट थांबलं तेव्हा मला सगळं कळलं होतं.

दोन्ही कान. पुढे कधीतरी स्कॅन केला तेव्हा कळलं की आतल्या कानातल्या त्या शंखासारख्या भागात हाड भरलंय, मेनिंजायटिसनंतर असं होतं, आणि ते फार लवकर सुरू होतं म्हणूनच आता मेनिंजायटिस झालेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी लगेच करायला सांगतात, कारण उशीर झाला की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात बसवतात त्या यंत्राची, तार आत सरकवायलाच जागा उरत नाही. स्टिरॉइडचंही तसंच. हिबच्या मेनिंजायटिसमध्ये अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाच्या आधी किंवा बरोबर डेक्सामेथासोन दिलं तर कान जाण्याचं प्रमाण कमी होतं, हे दाखवणारा मोठा अभ्यास आला १९८८ मध्ये. दादाच्या आजारानंतर एका वर्षाने.

तर तो कागद. डिस्चार्जचा कागद. त्यावर लिहिलंय, पाठीच्या पाण्याच्या कल्चरमध्ये एच. इन्फ्लुएन्झी. घरातल्या कुणीतरी शिकलेल्या माणसाने तेव्हा तो वाचला आणि मामीला सांगितलं, इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, साधा फ्लू होता, डोक्यात गेला. आणि त्या आठवड्यात मामीला स्वतःला सर्दी-ताप होता. शिंका येत होत्या आणि ती त्याला अंगावर पाजत होती. एवढं पुरेसं झालं. तिने कुणाला काही म्हटलं नाही, कुणी तिला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात कुणाचंही बाळ आलं की मामी नाकातोंडाला रुमाल बांधूनच खोलीत येते, सर्दी असो नसो. आम्ही लहान असताना आम्हाला वाटायचं हिला स्वच्छतेची आवड आहे. माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्यात आधी मामी आली, दारात उभी राहिली, रुमाल बांधलेला, लांबूनच बघत होती. घे की मामी, म्हटलं तर म्हणाली, नंतर घेईन, मोठी होऊ दे जरा.

पस्तीसेक वर्षं ती बाई एका नावाच्या चुकीची शिक्षा भोगत होती. हे मी रागाने लिहितेय आणि मला तो राग लपवायचा नाही.

कारण चूकच आहे ती. १८८९ पासून फ्लूची जी मोठी साथ जगभर पसरली, त्या काळात रिचर्ड फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला पेशंटच्या थुंकीत हा जंतू सापडला, १८९२ मध्ये त्याने जाहीर केलं की फ्लूचं कारण मिळालं. लोकांनी विश्वास ठेवला, जंतूला नाव पण तेच चिकटलं. पुढे १९३३ मध्ये माणसातल्या फ्लूचा खरा विषाणू वेगळा काढला गेला आणि स्पष्ट झालं की हा जंतू फ्लू करतच नाही. पण तोपर्यंत नाव रूढ झालं होतं, ते बदललं नाही. म्हणून आजही लोक विचारतात की हिब म्हणजे फ्लूची लस का, तर नाही, फ्लूशी तिचा संबंध नाही. फ्लू विषाणूने होतो, हिब जीवाणू आहे, मामीची सर्दी म्हणजे हा जंतू नव्हेच. हा बहुतेक करून धडधाकट लहान मुलांच्या नाकाघशात गुपचूप राहतो, त्यांना काहीही त्रास न होता, आणि खोकल्या-शिंकेतून दुसऱ्या मुलाकडे जातो. शंभरात बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या रक्तात शिरतो.

मग त्या एकाच्याच का? हे वाचायला लागले तेव्हा मला १९३३ चंच एक काम सापडलं, आणि त्यानंतर मी रात्रभर झोपले नाही. लेरॉय फॉदरगिल आणि जॉइस राइट या दोघांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त घेऊन पाहिलं की ते हा जंतू मारतं का. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रक्त मारत होतं. मोठ्यांचं रक्त मारत होतं. पण साधारण तीन महिने ते तीन वर्षं या वयातल्या मुलांच्या रक्तात ती ताकदच नव्हती. आणि मेनिंजायटिसचे पेशंट कोणत्या वयाचे, तर बरोबर त्याच वयाचे. म्हणजे बाळ जन्माला येतं तेव्हा आईने नाळेतून दिलेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारे रक्तातले घटक, घेऊन येतं, ती शिदोरी काही महिने पुरते, मग सरते, आणि स्वतःचं तयार व्हायला अजून वेळ असतो. मधे एक रिकामा काळ. मेनिंजायटिस सगळ्यात जास्त व्हायचा तो सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना. दादा आठ महिन्यांचा होता.

त्या रात्री मी माझ्या मुलीकडे बघत होते आणि डोक्यात एकच, हिला मी दिलेलं आत्ता आहे, पण ते रोज थोडं थोडं कमी होतंय. आईचं सरतंय आणि हिचं अजून यायचंय. मी कितीही जवळ धरलं, कितीही हात धुतले, कितीही रुमाल बांधले तरी हा मधला काळ मला भरून काढता येणार नाही.

हा काळ इतका लांब का, त्याचंही कारण सापडलं होतं, थोडं आधी, १९३१ मध्ये. मार्गारेट पिटमन या शास्त्रज्ञाने दाखवलं की हा जंतू दोन प्रकारचा असतो, काहींच्या अंगावर एक गुळगुळीत आवरण असतं, काहींच्या नसतं. आवरणवाल्यांचे तिने प्रकार पाडले, ए पासून एफ पर्यंत सहा, आणि मुलांच्या रक्तातून, पाठीच्या पाण्यातून जो निघतो तो जवळजवळ नेहमी बी. हे आवरण साखरेच्या लांबच लांब साखळीचं असतं आणि तोच त्याचा बचाव, शरीरातल्या भक्षक पेशींना त्याला धरताच येत नाही. मोठ्या माणसाचं शरीर ती साखर ओळखून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं करू शकतं. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत नुसत्या साखरेला शरीर दाद देत नाही. जंतू समोर उभा असतो आणि बाळाला तो शत्रू म्हणून दिसतच नाही.

(हॅटी अलेक्झांडर हे नाव पण इथे लिहून ठेवते. १९३० च्या दशकाअखेरपर्यंत या मेनिंजायटिसमध्ये जवळपास प्रत्येक बाळ दगावायचं. तिने सशांपासून सीरम तयार केलं, त्याने मुलं वाचायला लागली, नंतर अँटिबायोटिक्स आली. पिटमन, राइट, अलेक्झांडर, पुढे येणारी रेचल श्नीरसन, या एका आजाराच्या इतिहासात किती बायका आहेत, आणि आपल्याला यातल्या एकीचंही नाव शाळेत कळत नाही.)

अँटिबायोटिक्स आली म्हणून सगळं सुटलं असं झालं नाही. चांगल्यात चांगले उपचार मिळूनही या मेनिंजायटिसमध्ये शंभरातली तीन ते सहा मुलं जायची, आणि वाचलेल्यांत १५ ते ३० टक्के मुलांना दादासारखं काहीतरी कायमचं राहून जायचं, कान, झटके, बुद्धीची वाढ. १९७४ पासून तर एम्पिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे हिबही सापडायला लागले होते. शिवाय हा जंतू नुसता मेंदूला धरतो असं नाही. न्यूमोनिया करतो, सांध्यात शिरतो, आणि एक एपिग्लॉटायटिस म्हणून आहे ज्यात घशातली श्वासनळीवरची झडप सुजते, मूल पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसतं, लाळ गिळता येत नाही म्हणून ती गळत राहते, आणि अशा मुलाच्या तोंडात जीभ दाबून बघायला गेलं तर श्वास तिथेच बंद पडू शकतो. आमचे जुने बालरोगतज्ज्ञ सांगत होते की उमेदीच्या काळात त्यांनी असं एक मूल पाहिलं, आईच्या कडेवरून खाली न उतरवता तसंच ऑपरेशन थिएटरपर्यंत नेलं, कारण ते रडलं असतं तरी धोका होता. आता शिकून येणाऱ्या डॉक्टरांनी हे फक्त पुस्तकात वाचलेलं असतं, असं ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा फार समाधानी होता.

आता लसीचं, म्हणजे ज्यासाठी एवढं सगळं सांगत बसले.

जंतूचं साखरेचं आवरण वेगळं काढून त्याचीच लस करायची ही कल्पना सरळ होती आणि तशी लस झालीही. १९७४ मध्ये फिनलंडमध्ये तीन महिने ते पाच वर्षांच्या सुमारे एक लाख मुलांवर चाचणी झाली, निम्म्यांना ही, निम्म्यांना दुसरी लस. दीड वर्षाच्या पुढच्या मुलांमध्ये ती उत्तम चालली. दीड वर्षाच्या आतल्यांमध्ये काहीच नाही. म्हणजे लस हातात होती आणि ज्या वयाला तिची सगळ्यात जास्त गरज त्याच वयाला ती लागू पडत नव्हती, कारण तेच, बाळाला साखर ओळखू येत नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये हीच लस मंजूर झाली, दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी.

यातून वाट काढली ती दोन जोड्यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी. एक पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ, दुसरी जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीरसन. सूत्र जुनंच होतं. १९२९ मध्ये एव्हरी आणि गोबेल यांनी दाखवलं होतं की नुसत्या साखरेला शरीर दाद देत नसेल तर ती प्रथिनाला जोडून द्या, मग देतं. ते पन्नास वर्षं तसंच पडून होतं म्हणायला हरकत नाही. या दोन जोड्यांनी हिबची साखर घेतली आणि घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रसायनाने पक्की जोडली. प्रथिन बाळाच्या टी पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, वाचता येतं. लहान मूल अनोळखी माणसाकडे बघत नाही, पण ओळखीच्या माणसाचा हात धरून तोच अनोळखी माणूस घरात आला की त्याच्याकडेही नीट बघतं, चेहरा लक्षात ठेवतं, तसंच काहीसं आत होतं. प्रथिनामुळे टी पेशी जाग्या होतात, त्या बी पेशींना मदत करतात, आणि बी पेशी साखरेविरुद्ध प्रतिपिंडं करायला शिकतात, वर ती आठवणही ठेवतात. यात जिवंत जंतू नसतो, अख्खा मेलेलाही नसतो, त्याच्या कपड्याचा फक्त एक तुकडा असतो, त्यामुळे लसीतून हिबचा आजार होणं शक्यच नाही. या चौघांना पुढे १९९६ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण मला अडकवून ठेवतात त्या तारखा. फिनलंडमध्ये १९८६ पासून तान्ह्या बाळांना जोडलेली लस देऊन चाचणी चालू होती आणि ती बाळं वाचत होती. अमेरिकेत पहिली जोडलेली लस मंजूर झाली डिसेंबर १९८७ मध्ये, तीही दीड वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी. दोन महिन्यांच्या बाळापासून देता येईल अशी मंजुरी आली ऑक्टोबर १९९० मध्ये. दादा १९८७ मध्ये आठ महिन्यांचा. मी हे कागदावर उभं मांडून पाहिलं, एका बाजूला त्याचं वय, एका बाजूला लसीचं, आणि ते दोन रकाने कुठेच जुळत नव्हते. मामा-मामी जगात कुठेही राहत असते, कितीही पैसेवाले असते, त्या वर्षी आठ महिन्यांच्या बाळासाठी कुठल्याही डॉक्टरकडे ही लस मागून मिळाली नसती. फक्त अशा एखाद्या चाचणीत असता तर. हे कळल्यावर बरं वाटायला हवं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते फार झपाट्याने झालं. लस यायच्या आधी अमेरिकेत दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २०,००० मुलांना हिबचा गंभीर आजार व्हायचा, दोनशेतल्या एका मुलाला वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत कधी ना कधी. बाळांना लस द्यायला लागल्यावर काही वर्षांत हे प्रमाण ९९ टक्क्यांनी खाली आलं. कुणी म्हणेल श्रीमंत देश, तिथे सगळंच सुधारतं. म्हणून मला गॅम्बिया महत्त्वाचा वाटतो. पश्चिम आफ्रिकेतला छोटा, गरीब देश, तिथे ४२,००० हून जास्त बाळांवर चाचणी झाली, १९९७ मध्ये लस सगळ्यांना द्यायला सुरुवात झाली, अधूनमधून पुरवठाही खंडित व्हायचा, आणि तरी पाच वर्षांत हिबचा आजार तिथून जवळपास नाहीसा झाला. सगळे डोस पूर्ण न झालेलीही कितीतरी मुलं वाचली, कारण ही लस घेतलेल्या मुलाच्या नाकाघशात जंतू टिकून राहणंच कमी होतं. तो ज्या घरातून दुसऱ्या घरात जायचा ते घरच बंद. माझ्या मुलीला डोस दिला म्हणजे शेजारच्या चार आठवड्यांच्या बाळाचंही, ज्याची अजून पाळी आलेली नाही, थोडंसं संरक्षण झालं, हे मला त्या अख्ख्या वाचनात सगळ्यात जास्त आवडलं.

आणि २००० सालाचा जागतिक अंदाज आहे, तेव्हा लस बऱ्याच गरीब देशांत पोचलीच नव्हती, त्या एका वर्षात हिबने पाच वर्षांखालची सुमारे ३,७१,००० मुलं गेली. लस निघून दहा वर्षं झाली होती. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच देशांनी ती द्यावी अशी शिफारस केली. उशीर म्हणजे काय ते या मधल्या वर्षांत दिसतं.

काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. हिबची लस घेतली म्हणजे मेनिंजायटिस कधीच होणार नाही असं नाही. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, टीबी, वेगवेगळे विषाणू, सगळे मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात, काहींवर वेगळ्या लसी आहेत, काहींवर नाहीत. त्यामुळे लस झालेलं बाळसुद्धा तापात पेंगायला लागलं, दूध सोडलं, टाळू फुगली, झटका आला तर थांबायचं नाही, त्याच क्षणी निघायचं. आणि डोस सगळे घ्यायचे. ब्रिटनने १९९२ मध्ये लस सुरू केली, दोन, तीन आणि चार महिन्यांना, दुसऱ्या वर्षीचा बूस्टर ठेवला नव्हता, आजार एकदम खाली गेला आणि मग १९९९ नंतर पुन्हा वर यायला लागला. २००३ मध्ये त्यांना लहान मुलांसाठी जादा डोसाची मोहीम काढावी लागली आणि २००६ मध्ये वर्षाच्या बाळाला बूस्टर द्यायला सुरुवात झाली. आठवण कच्ची राहते, ती पक्की करावी लागते. कुठल्या देशात कधी किती डोस ते वेगवेगळं असतं, तुमच्या कार्डावर जे आहे ते पूर्ण करा.

तापाची भीती मला कळते, मी स्वतः रात्रभर थर्मामीटर घेऊन बसले होते. टोचलेली जागा लाल झाली, बोटाला गाठीसारखं लागत होतं, पाय हलवला की ती कण्हायची. दोन दिवसांत गेलं सगळं. जिला शंका आहे त्या आईला मी कधीही रागावणार नाही, तिच्या बाळाच्या मांडीत सुई जाणार आहे आणि समोर आजार तर कुठेच दिसत नाही. मला फक्त तिला मामीकडे नेऊन बसवायचं आहे, अर्धा तास.

मामीला सांगायला मी स्वतः गेले, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मुलगी मांडीवर होती. मामी नेहमीसारखी रुमाल बांधून समोर बसली. मी सगळं सांगितलं, फायफर, साथ, चुकून पडलेलं नाव, फ्लू नव्हताच मामी, तुझी सर्दी त्याला लागली आणि त्यातून हे झालं असं नव्हतं, तो वेगळाच जंतू होता. ती ऐकत होती. मला वाटलं होतं रडेल. तिने विचारलं, मग कुणाकडून आला? म्हटलं ते कधीच कळत नाही गं, शेजारपाजारच्या कुठल्यातरी हसत्या-खेळत्या पोराकडून, ज्याला स्वतःला काहीच झालं नसेल. तिने मान हलवली. मग मी ते सरण्याचं सांगितलं, आईकडून आलेलं संपतं आणि बाळाचं तयार व्हायचं असतं, तो मधला काळ. ती बराच वेळ बोलली नाही.

"म्हणजे माझं त्याला पुरलं नाही," ती म्हणाली.

"कुणाचंच पुरत नाही मामी. माझं पण हिला पुरणार नाही."

ती उठली, कपाटातून ती फाईल काढली, तो कागद काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, कुठला शब्द, दाखव. मी बोट ठेवलं. तिने चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मग कागद घडी घालून परत ठेवला आणि एकदम व्यवहारात आली, हिचे किती झाले, पुढचा कधी. म्हटलं दहा आठवड्यांना दुसरा, चौदाला तिसरा. तिने बोटांवर मोजलं, तारीख विचारली. निघताना मुलीला घेतलं तिने, पहिल्यांदाच, दोन्ही हातांनी, छातीशी. रुमाल काढला नव्हता. सवय आहे गं, म्हणाली.

चौदाव्या आठवड्याच्या डोसाला दादा आला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मी ग्रुपवर सहज टाकलं होतं, तर दादाचा मेसेज आला, मी येतो, गाडी घेऊन. तो कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करतो, सकाळचं काम संध्याकाळवर टाकून आला. आत गेल्यावर त्याने खुणेने विचारलं, मी धरू? मी मुलगी त्याच्याकडे दिली. सिस्टरने बाटली दाखवली, तो वाकून तो चौकोन-गोल बघत होता, मी त्याला खुणांनी अर्थ सांगितला, त्याने अंगठा वर केला. मग त्याने तिला छातीशी उभी धरली, एक हात पायावर, एक पाठीवर पसरलेला. सुई गेली. ती नेहमीसारखी आधी गप्प झाली, तोंड उघडं, आणि दादा माझ्याकडे बघायला लागला की झालं का, लागलं का. मग तिने श्वास घेतला आणि सुरू केलं. त्याच्या पाठीवरच्या हाताला ते कळलं असणार, कारण त्याचे डोळे एकदम मोठे झाले. तो तिला थोपटत थोपटत झुलायला लागला आणि भुवया उंचावून मला विचारलं, आवाज मोठा आहे?

मी दोन्ही हात जितके पसरता येतील तितके पसरून दाखवले. खूप.